गुरुवारच्या किल्ल्या

"ब्रॉन्क्सात राहतं कोण? एक ती प्राणिसंग्रहालयातली अस्वलं, आणि दुसरी कबरस्तानातली माणसं. तू यातला कोण रे, एलादियो?"

प्रोवीने हे स्वयंपाकघरातून ऐकलं. शेगडीवर तुरीचे हिरवे दाणे घातलेला भात शिजत होता, हातात डाव होता, आणि मधली भिंत अशी पातळ की पलीकडे कुणी सुस्कारा टाकला तरी अलीकडे कळावा. बोलत होती ती तिची नणंद नेरेइदा. घर नेरेइदाचंच, मॅनहॅटनमधलं. पोर्तो रिकोहून लग्न करून आलेली प्रोवी आणि तिचा नवरा एलादियो मालदोनादो त्या घरातल्या एका खोलीत राहत होते. पाहुण्यांचा मुक्काम लांबला की घरची बाई भांडी जरा जास्तच आपटते, तशी नेरेइदा कित्येक दिवस आपटत होती. पण ते निघालेत म्हटल्यावर तिला राग आला. माणसाचं असंच असतं.

"नेरे, तिथे खिडकीतून आभाळ दिसतं," एलादियो म्हणाला.

"आभाळ ताटात वाढून घेणारेस का? कामाला रोज इथंच यायचंय. जाऊन येऊन अर्धा जन्म ट्रेनमध्ये जाईल."

"झोपेन की ट्रेनमध्ये."

"आणि आम्ही पूल ओलांडून तुम्हाला भेटायला येऊ म्हणतोस? मी नाही यायची. जिवंतपणी तर नाहीच नाही."

"बरं. मेल्यावर ये."

प्रोवीला हसू फुटलं. ते ऐकू जाऊ नये म्हणून तिने पातेल्यावर झाकण आपटलं, आणि त्या गडबडीत भात खाली लागला. पुढे ती सांगायची, आमच्या ब्रॉन्क्सची सुरुवात करपलेल्या भाताने झाली. त्याचं तिला वाईट वाटत नसे. तिच्या माहेरी पातेल्याच्या बुडाचा तो खरपूस थर सगळ्यात आधी संपतो, त्यावरून भावंडांत मारामाऱ्या होतात.

घर मिळालं ते चढाच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. आभाळ खरंच दिसायचं. बाकी नेरेइदा म्हणाली तेही सगळं खरंच निघालं. एलादियो शहरातल्या एका हॉटेलात आचारी होता. ब्रॉन्क्सही न्यूयॉर्कातच, पण तिथली माणसं मॅनहॅटनला नुसतं 'शहर' म्हणतात, जणू आपण राहतो ते रान. तर हा शहरात जायचा तेव्हा अंधार, यायचा तेव्हा अंधार. शनिवार-रविवारी ट्रेनची दुरुस्ती निघायची, कारण दुरुस्ती करायची तर शहराबाहेरच्या रुळांची, ही रीतच. बर्फ पडलं की ते लोटणारी नांगरगाडी आधी शहरात फिरायची आणि इकडे यायची तोवर निम्मं बर्फ वितळून वाहून गेलेलं असायचं. लिफ्ट बिघडली की बिघडलीच. डॉक्टर चांगला हवा तर पुन्हा पूल ओलांडा. मग ती वाईट वर्षं आली, विम्याच्या पैशांसाठी लावलेल्या आगींत आसपासच्या इमारती एकामागून एक जळत गेल्या, आणि लोक सामान बांधून निघून गेले. प्रोवीच्या रस्त्यावरची माणसं मात्र दारापुढच्या पायऱ्यांवर पाळीपाळीने बसली. बायका विणकाम घेऊन, पुरुष सोंगट्या घेऊन. ओळख नसलेला माणूस दिसला की सगळ्यांनी मिळून त्याच्याकडे टक लावून बघायचं, एवढंच. तो रस्ता जळला नाही.

"आमचा रस्ता बघून बघून वाचवलाय आम्ही," प्रोवी म्हणायची. त्या दिवसांत रोज बसून बसून तिची कंबर धरली होती, तीही ती दागिना दाखवावा तशी दाखवायची.

एलादियोने एक लांबलचक गाडी घेतली. शहरात ती ठेवायला जागा नाही, म्हणून कामाला ट्रेननेच जायचा. गाडी असायची ती रविवारी पुसायला. पण रस्त्यावर गाडी ठेवायची म्हणजे एक नियम आलाच. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी सकाळी झाडूगाडी येते, मोठे गोल ब्रश फिरवत, आणि ती यायच्या आत त्या बाजूच्या गाड्या हलवायच्या असतात. प्रोवीच्या बाजूचा वार गुरुवार. अशा वेळी ब्रॉन्क्सची रीत म्हणजे आपली गाडी समोरच्या बाजूला न्यायची, तिथे उभ्या असलेल्या गाड्यांना लागून दुसरी रांग करायची, झाडूगाडी गेली रे गेली की धावत परत आणायची. कायद्यात हे बसत नाही. पण पोलिसाची आईसुद्धा अशाच कुठल्या तरी रस्त्यावर राहत असते.

एलादियोच्या फुप्फुसांनी दगा दिला तेव्हा ते काम प्रोवीकडे आलं. तोवर तिने स्टिअरिंग धरलं होतं ते फक्त त्याच्या मांडीवर बसून, लग्नाआधी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तो धापा टाकत ओरडायचा, "डावीकडे! अगं तुझं डावीकडे!" आणि सगळा रस्ता खिडक्यांतून बघायचा. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ती त्या चढावर, बर्फात, एका हातात कॉफीचा पेला धरून गाडी लावायला लागली. एलादियो गेला तो तिचा हा पराक्रम बघून गेला. गाडी तिने विकली. पण तोवर दुसऱ्यांच्या किल्ल्या तिच्या घरी आल्या होत्या.

पहिली आली तळमजल्यावरच्या विनसमची. विनसम जमैकाची, रात्रपाळीची नर्स. सकाळी घरी यायची ती डोळे मिटूनच. "मिस प्रोवी, मी झोपले की मला देवदूतांनी हाक मारली तरी ऐकू येत नाही. तुम्ही हलवाल का माझी?" मग टॅक्सी चालवणारा बांगलादेशचा हबीबुर, तोही रात्रीचा राजा. तो प्रोवीला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. आणि शेवटी म्हातारा किहो. हा आयरिश, एकटा, दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहणारा, गुडघ्याने अधू. पोर्तो रिकोच्या लोकांनी जिन्यात फोडणीचा वास केला म्हणून त्याने कित्येक वर्षं प्रोवीशी अबोला धरलेला. एका गुरुवारी त्याच्या खिडकीतून दोरीला बांधलेली किल्ली खाली आली, आणि मागून आवाज आला, "मिसेस मालदोनादो, गुडघा." एवढाच. तिनेही किल्ली सोडवून घेतली आणि वर बघितलं नाही. समेट असाही होतो.

स्वयंपाकघरात फळीला खिळे ठोकलेले होते, त्यांवर त्या किल्ल्या. इंग्रजी वाचायला प्रोवीला जड जायचं, म्हणून प्रत्येक किल्लीला काही ना काही बांधलेलं. विनसमच्या किल्लीला पांढरं बटण, हबीबुरच्या किल्लीला त्याच्या मुलीची जुनी बांगडी, किहोच्या किल्लीला वाइनच्या बाटलीचं बूच. आणखीही होत्या. शहरात कामाला गेलेल्या माणसाची गाडी हलवायची कुणी? प्रोवीने.

या कामाचा एक नफा कुणाच्या लक्षात येत नाही. शहराचा नियम असा की मोठ्या सणांना झाडूगाडी येत नाही, आणि न्यूयॉर्कात सण सगळ्यांचे. त्यामुळे प्रोवीला ईद कधी, ज्यूंचा पुरीम कधी, चिन्यांचं नवं वर्ष कधी, दिवाळी कधी, सगळं पाठ. देवळात, मशिदीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण सणाच्या सकाळी ज्याच्या त्याच्या दाराशी जाऊन शुभेच्छा द्यायची. "तुमच्या देवाचे उपकार हो, आज मला झोपायला मिळालं," असं म्हणायची. हबीबुरची बायको दर ईदेला तिच्यासाठी शेवयांचा वाडगा झाकून ठेवायची.

नेरेइदा तिकडे आपल्या शब्दाला जागली. फोन करायची, "काय गं, अस्वलं बरी आहेत का?" पण पूल ओलांडून आली नाही. प्रोवीच्या मुलाच्या बारशाला नाही, एलादियोच्या मातीला नाही. मग तीही गेली. मॅनहॅटनमध्ये जिवंत माणसाला जागा नाही, मेलेल्याला कुठून असणार? तिला पुरलं ते ब्रॉन्क्सातच, प्रोवीच्या घरापासून बसने जाता येईल अशा कबरस्तानात. प्रोवी फुलं घेऊन गेली, दगडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "आलीस ना शेवटी? ये. बस. आभाळ बघ."

प्रोवीचा मुलगा विली मात्र शहराचा झाला. चांगली नोकरी, उंच इमारत, दारावर गणवेशातला दरवान. प्रोवी बर्फावरून घसरून पडली तेव्हा तो तिला तिकडे घेऊन गेला. खोटं कशाला बोला, तिथे सुख होतं. लिफ्ट चालायची. दवाखाना कोपऱ्यावर. घरात उबदार. पण लिफ्टमधली माणसं मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहायची, आणि गुरुवारी सकाळी प्रोवीची बोटं आपोआप वळवळायची. वसंतात ती हट्टाने परत आली. त्यानंतर एकदा तिने शेगडी चालू ठेवली, एकदा दाराला किल्ली तशीच लावून बाजारात गेली. विलीचा जीव टांगणीला लागला.

"मा, माझ्याकडे खोली तयार आहे. कशासाठी थांबायचं इथे? लोकांच्या गाड्यांसाठी?"

"हो. लोकांच्या गाड्यांसाठी."

"आणि उद्या काही झालं म्हणजे?"

प्रोवीने उठून शेगडी बंद असल्याची खात्री केली. मग म्हणाली, "ऐक. ज्या दिवशी माझ्या विसरण्याने दुसऱ्या कुणाला त्रास होईल, त्या दिवशी मी आपणहून पिशवी भरीन. तुला बोलावं लागणार नाही."

विलीला माहीत होतं, आई असं उगीच बोलत नाही. त्याने ते मान्य केलं.

मे महिन्यातला गुरुवार. प्रोवी उठली, कापडी गाळणीतून कॉफी गाळली, किल्ल्या काढल्या आणि एकेक गाडी समोर नेऊन लावली. त्या दिवशी तिला अडवायला कुणी नव्हतं. विनसम झोपलेली, हबीबुर झोपलेला, आणि किहो चर्चमध्ये. तो चर्चमध्ये का, एवढा एक विचार तिच्या मनात आला असता तर पुढचं टळलं असतं. येशू स्वर्गात गेला तो, असेन्शनचा, गुरुवार होता. शाळा-कचेऱ्या चालू, पण झाडूगाडी येणार नव्हती. साऱ्या जगाचे सण पाठ असलेली बाई, आणि नेमका स्वतःचा विसरली.

सुट्टीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला रिकामी जागा दिसली की ब्रॉन्क्सचा माणूस आधी गाडी लावतो, मग देवाचे आभार मानतो. प्रोवीने मोकळ्या केलेल्या जागा बघता बघता परक्या गाड्यांनी भरल्या. आता परत आणायला जागा नाही, आणि दुहेरी रांगेमुळे मधून जायला वाट नाही. पावाची गाडी चढावर अडकली, तिच्यामागे शाळेची बस, तिच्यामागे भोंग्यांची वरात. समोरच्या बाजूचे लोक गाडी काढायला आले आणि शिव्या देऊ लागले, चार भाषांत. आणि त्या वरातीत सगळ्यात मागे, आईला भेटायला आलेला विली अडकलेला.

तो गाडी तिथेच सोडून चालत वर आला. प्रोवी रस्त्याच्या मधोमध उभी, दोन्ही हातांत किल्ल्या, बूच, बटण, बांगडी. चेहरा असा की तिला तिचं नाव विचारलं असतं तरी क्षणभर आठवलं नसतं.

"मा, काय झालं? आज तर—"

"पियानो!" मागून आवाज आला. चर्चमधून परतलेला किहो, कोट घालून, काठी टेकत. त्याने सगळं एका नजरेत ओळखलं होतं. "मी सांगितलं होतं मिसेस मालदोनादोंना. माझा पियानो यायचाय आज. उतरवायला जागा हवी होती. आणि बघा, या परक्या लोकांनी माझी जागा बळकावली!"

विली बघतच राहिला. "पियानो? तुमच्या एका खोलीत?"

"लहान आहे," किहो म्हणाला.

तोवर भोंग्यांनी विनसमलाही जाग आली होती. देवदूतांना जमलं नसतं ते पावाच्या गाडीने केलं. ती चपला फरफटत बाहेर आली. "मग काय! काळा पियानो. आठवडाभर दुसरं बोलणं नाही या माणसाचं."

"मी उचलायलाच उठलोय," हबीबुर लुंगी सावरत म्हणाला. त्याचे डोळे अजून मिटलेले होते.

"कुठाय मग तो?" विलीने विचारलं.

"पुलावर अडकलाय," किहो शांतपणे म्हणाला. "ब्रॉन्क्स आहे, बाळ. इथे यायला वेळ लागतो."

मग हबीबुरने प्रोवीच्या हातातून हळूच किल्ल्या घेतल्या, विनसमने शाळेची बस मागे घ्यायला लावली, आणि सगळ्यांनी ओरडत, हात हलवत, एकमेकांना आंधळा म्हणत रस्ता मोकळा केला. शिव्या देणारेही ढकलायला लागले. शाळेला उशीर झाला, त्याबद्दल पोरांनी तक्रार केली नाही.

वर प्रोवीने पलंगाखालची पिशवी आणि झगे स्वयंपाकघरात आणले आणि भरायला सुरुवात केली.

"मा, हे काय?"

"पियानो नाही, विली."

"ते कळलं मला."

"मी असेन्शनचा गुरुवार विसरले. लोकांना त्रास झाला. शब्द दिला होता तुला." तिने आणखी एक झगा पिशवीत कोंबला. "चल. पण एक गोष्ट लक्षात ठेव. एकही सण न चुकवता चर्चला जाणारा माणूस आज चर्चच्या कपड्यांत माझ्यासाठी खोटं बोलला. तुझ्या त्या उंच इमारतीत तुझ्यासाठी कोण बोलेल?"

"दरवान आहे की."

"तो पगारासाठी बोलेल."

विली हसला, आणि हसता हसता खुर्चीवर बसला. तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला. खूप वेळ येत राहिला. किहो इतक्या वर्षांत या मजल्यावर कधी चढला नव्हता. दारात उभा राहून त्याने आधी श्वास गोळा केला. त्याच्यामागे विनसम आणि हबीबुर.

"मिसेस मालदोनादो," तो पिशवीकडे बघत म्हणाला, "त्रास कुणाला झाला ते मी खाली विचारून आलो. कुणाला नाही."

"पाववाल्याला झाला."

"पाववाला जन्मतःच त्रासलेला आहे."

"खाला, असं करू," हबीबुर म्हणाला, "ज्याचा सण, त्याने आठवण करायची. ईद आली की आदल्या संध्याकाळी मी येऊन सांगेन. तुमच्या लोकांचे सण किहोसाहेबांकडे."

"आणि उरलेले सगळे माझ्याकडे," विनसम म्हणाली. "दवाखान्यात सगळ्या धर्मांची माणसं आजारी पडतात. तुम्ही फक्त गाडी चालवा, मिस प्रोवी. या रस्त्यावर या चढावर बर्फात मागे घेणारं दुसरं आहे कोण?"

प्रोवीने त्या तिघांपैकी कुणाकडेच बघितलं नाही. मुलाकडे बघितलं. पिशवीची एक कड अजून तिच्या हातात होती. शब्द त्याला दिलेला होता. सोडवायचा तर त्यानेच.

विली उठला. त्याने खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढली. आजूबाजूला बघून शेगडीजवळची कापडी गाळणी बांधायची दोरी घेतली, किल्लीला बांधली, आणि फळीवरच्या मोकळ्या खिळ्याला ती अडकवली.

"बुधवारी रात्री मी इथे झोपायला येईन," तो म्हणाला. "गुरुवारी कामाला ट्रेनने जाईन. माझीही हलवायला लागेल."

"ट्रेन दूर पडते रे, विली."

"झोपेन की ट्रेनमध्ये."

प्रोवीने पिशवी उलटी केली. झगे फरशीवर पडले. मग ती किहोला म्हणाली, "बसा. भात आहे. फोडणीचा वास येईल, चालेल ना?"

किहो बसला आणि पातेल्याच्या बुडापर्यंत जेवला.

त्या दिवसापासून रस्त्याला थट्टेचा एक नवा विषय मिळाला. कुणाला कशालाही उशीर झाला, बस आली नाही, लिफ्ट अडकली, की म्हणायचं, पियानो पुलावर आहे.

मग पानं गळायला लागली, आणि पानगळीतला एक गुरुवार आला. त्या गुरुवारनंतरचा गुरुवार प्रोवीच्या वाट्याला नव्हता, पण हे त्या सकाळी कुणाला ठाऊक नव्हतं, तिला तर नाहीच. विली कामाला गेला होता. तिने कॉफी गाळली, किल्ल्या काढल्या, रेलिंग धरून खाली आली. सण नव्हता, आदल्या संध्याकाळी कुणी दार ठोठावलं नव्हतं. विनसमची गाडी समोर नेली. बांगडीवाली नेली. बूचवाली नेली. मुलाची नवी गाडी नेली, तिचा आरसा जरा खाली करून. पायऱ्यांवर बसली. झाडूगाडी आली, पानं गोळा करत, पाणी उडवत; चालवणाऱ्याने हात केला, तिने पेला उंचावला. गाडी पुढे गेली. मग तिने एकेक गाडी परत आणून कडेला लावली, एका हाताने, चढावर, बोटभर अंतर ठेवून.

वरच्या खिडकीतून किहो ओरडला, "मिसेस मालदोनादो, माझा पियानो?"

"पुलावर!" ती खालून ओरडली.

वर येऊन तिने बटण, बांगडी, बूच जागच्या जागी अडकवलं, दोरीची गाठ सरळ केली, आणि भात शेगडीवर चढवला.